ऑपरेशन एका दिवसाचे, ऐकणे रोजचे

सकाळी चहा ठेवण्याआधी आमच्या घरात एक काम होते. मुलीला पुढे बसवायचे, आपण तिच्या पाठीमागे बसायचे आणि सहा आवाज काढायचे : आ, ई, ऊ, म, स, श. एकेक, सावकाश, रोज क्रम बदलून. तिने ऐकले तसे म्हणून दाखवायचे. सहाच्या सहा बरोबर आले की मशीन ठीक आहे, शाळेला जायला हरकत नाही. 'स' किंवा 'श' गळाला की आम्ही समजतो, कुठेतरी बिघाड आहे. सेल उतरला असेल, मायक्रोफोनवर तेल-धूळ बसली असेल, नाहीतर वायर तुटायला आली असेल. बोलण्यातले जाड आणि बारीक असे सगळे सूर या सहा आवाजांत येतात, म्हणून थेरपीच्या बाईंनी ही तपासणी आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवली. दोन मिनिटे लागतात. पाच वर्षांत आम्ही ती क्वचितच चुकवली आहे.

आम्ही पिंपळवंडीच्या वस्तीत राहतो. आमच्यातला एक नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट नेणारा पिकअप चालवतो, दुसरी हंगामाप्रमाणे कांद्याच्या, टोमॅटोच्या कामाला जाते. मुलगी आठ वर्षांची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत. तिच्या उजव्या कानात कॉक्लियर इम्प्लांट आहे. अशा ऑपरेशनची बातमी येते, मुलाचा फोटो येतो, लोक टाळ्या वाजवतात. फोटोनंतर घरच्यांना रोज काय करावे लागते, ते कोणी सांगत नाही. आम्हालाही कोणी सांगितले नव्हते. म्हणून हे लिहीत आहोत.

उशीर कसा झाला

मुलीला ऐकू येत नाही हे आम्हाला जवळजवळ दोन वर्षे कळले नाही. आमचे घर पत्र्याचे. दार आपटले की भिंत हादरते, हंडा पडला की जमिनीला धक्का बसतो. ती वळून बघायची आणि आम्ही म्हणायचो, ऐकते की. ती धक्क्याला वळत होती, आवाजाला नव्हे. दीड वर्षाची झाली तरी 'आई' म्हणेना, तेव्हा आजी म्हणाली, "तिचा बाप बी तीन वर्सांचा झाल्यावर बोलला, थांबा जरा." कोणी जीभ चिकटली म्हणाले, कोणी अंगारा लावायला सांगितला. अंगारा आम्ही लावला नाही, पण थांबलो मात्र. एका डॉक्टरांनीही काही मुले उशिरा बोलतात असे सांगून परत पाठवले होते.

शेवटी अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले, तेव्हा गोष्ट पुढे सरकली. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी होते. जन्मजात बहिरेपण त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. पथकाने पुण्याला पाठवले. तिथे कानाच्या दोन तपासण्या झाल्या. ओएई या तपासणीत कानात छोटी नळी ठेवून आतला कान प्रतिसाद देतो का ते पाहतात. बेरा या तपासणीत मूल झोपलेले असताना डोक्याला तारा लावून आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पाहतात. दोन्ही कान जवळजवळ बंद निघाले. आधी तीन महिने साधी श्रवणयंत्रे लावून पाहिली. उपयोग झाला नाही. तिचे ऑपरेशन झाले तेव्हा ती पावणेतीन वर्षांची होती.

डॉक्टर मंडळी एक-तीन-सहा असा नियम सांगतात. बाळाची पहिली तपासणी एक महिन्याच्या आत, बहिरेपणाचे पक्के निदान तीन महिन्यांच्या आत, उपचार सहा महिन्यांच्या आत सुरू. आमचे निदान दोन वर्षांनी झाले. मेंदूतला भाषेचा भाग पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत जोरात वाढतो. आमच्या मुलीची त्यातली बरीच वर्षे शांततेत गेली. ती भरून काढण्याचे काम अजून चालू आहे.

मशीन नक्की काय करते

मळ्यातल्या भाषेत सांगायचे तर विहिरीची मोटार जळाली आहे, पाइपलाइन मात्र शाबूत आहे. आतल्या कानात सूक्ष्म केसपेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. आवाजाच्या लहरींचे विजेच्या संदेशात रूपांतर त्या करतात आणि नस तो संदेश मेंदूकडे नेते. आमच्या मुलीच्या या पेशी काम करत नाहीत, नस चांगली आहे. इम्प्लांट पेशींना वगळून थेट नसेला संदेश देते.

त्याचे दोन भाग असतात. आतला भाग ऑपरेशन करून कानामागे हाडावर, कातडीखाली बसवतात आणि त्याची बारीक तार आतल्या कानाच्या शंखात सरकवतात. बाहेरचा भाग कानावर अडकवायचा. त्यात मायक्रोफोन, प्रोसेसर आणि सेल. त्यातून एक वायर निघते आणि तिच्या टोकाला गोल कॉइल असते. कॉइलमधला चुंबक कातडीखालच्या चुंबकाला चिकटतो. कॉइल निघाली की ऐकणे बंद.

अमेरिकेत डॉ. विल्यम हाऊस यांनी १९६१ साली आणि ऑस्ट्रेलियात डॉ. ग्रेम क्लार्क यांनी १९७८ साली या कामाचा पाया घातला. तेव्हापासून मशीन खूप सुधारले. तरीही पंधरा-सोळा हजार पेशींचे काम कंपनीप्रमाणे साधारण बारा ते बावीस बिंदू करतात, हे ध्यानात ठेवावे. म्हणून मशीनचे ऐकणे आपल्यासारखे नसते. ते मेंदूला शिकवावे लागते.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी मशीन पहिल्यांदा सुरू केले. आम्हाला वाटले होते ती हसेल. ती घाबरून रडली आणि कॉइल ओढून फेकली. बाईंनी सांगितले, रडली म्हणजे आवाज पोहोचला. त्यानंतर मॅपिंगच्या फेऱ्या सुरू झाल्या. मॅपिंग म्हणजे कॉम्प्युटर जोडून प्रत्येक बिंदूला किती वीज द्यायची ते ठरवणे. सुरुवातीला दर थोड्या दिवसांनी, मग काही महिन्यांनी, आता वर्षातून एकदा. मॅपिंग बिघडले की मूल चिडचिड करते, मशीन काढून टाकते किंवा हाक मारून वळत नाही. ते हट्ट समजून रागावू नये, मशीन घेऊन जावे.

थेरपी हे खरे औषध

पहिली दोन वर्षे दर आठवड्याला आमच्यापैकी एक जण तिला घेऊन पुण्याला जायचा. चाकणच्या कोंडीत तासभर अडकलेल्या एसटीतच आमचा अर्धा अभ्यास झाला आहे. "बस थांबली. बस सुटली. लाल बस. मोठी बस." थेरपी म्हणजे केंद्रातला एक तास नव्हे, घरातले बाकीचे सगळे तास. भाकरी थापताना भाकरीचे बोलायचे, कांदा निवडताना कांद्याचे. आधी बोलायचे, मग वस्तू दाखवायची, म्हणजे ती डोळ्यांआधी कान वापरते. एकच शब्द शंभरदा यावा लागतो.

ओठ पाहून भाषा कळते असे लोकांना वाटते. आरशासमोर उभे राहून आवाज न करता 'पाय', 'बाय' आणि 'माय' म्हणून बघा. ओठ तिन्हीला सारखेच हलतात. फरक कानालाच कळतो. आमची मुलगी विहारात सगळ्यांना 'जय बीम' म्हणायची. 'ब' आणि 'भ' ओठांवर एकसारखे. भ मधला श्वास ऐकू यायला तिला मशीन लागल्यानंतर दीड वर्ष लागले. विहारातले एक आजोबा रोज तिचा तळहात आपल्या तोंडासमोर धरायचे आणि 'भ' म्हणायचे, म्हणजे श्वास हाताला लागेल. एका संध्याकाळी तिने तो बरोबर परत दिला.

रोजची काळजी

सेल : काही मशीन चार्ज होणाऱ्या बॅटरीवर चालतात, काही बटणासारख्या सेलवर. आमच्याकडे दोन्ही आहेत. रात्री वीज गेली तर सकाळी बॅटरी रिकामी, म्हणून बटण-सेलचे एक पाकीट दप्तरात कायम असते. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटे हवा लागू द्यावी, मग बसवावे. एकदा स्टिकर काढला की सेल हळूहळू उतरतोच. वापरलेले सेल घरात पडू देऊ नका. लहान मुलाने बटण-सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजू शकते. तसे झाले तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालयात न्यावे.

ओल : घाम, पाऊस आणि दमट हवा हे मशीनचे शत्रू. रात्री मशीन पुसून, बॅटरी काढून, ओल शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. पुड्यांनी रंग बदलला की त्या बदलाव्या लागतात. मशीन तांदळात ठेवू नये, आत पीठ जाते. उन्हात किंवा चुलीजवळ तर अजिबात नको. आंघोळीला आणि पोहायला मशीन काढून ठेवायचे. काही कंपन्यांचे पाण्यात चालणारे कव्हर मिळते, पण ते नसताना धोका पत्करू नये. आणि मशीन काढलेल्या मुलाला कालव्यावर एकटे सोडू नये, त्याला हाक ऐकू येत नाही.

केस आणि चुंबक : वेणी घालताना कॉइलची जागा मोकळी ठेवतो. तेल लावतो ते रात्री, मशीन काढल्यावर. रोज कॉइलखालची कातडी पाहायची. लाल झाली, दुखू लागली तर चुंबक फार जोराचा आहे. सारखी पडत असेल तर तो कमी पडतो. दोन्हींचा उपाय मॅपिंगच्या ठिकाणी होतो, घरी कापसाच्या घड्या लावून होत नाही.

हरवणे : कॉइल लोखंडाला चिकटते. आमची दोनदा हरवली आणि दोन्ही वेळा लोखंडालाच चिकटलेली सापडली. एकदा ती लोखंडी खाटेच्या पायाला होती आणि आम्ही गोधड्या झाडत बसलो होतो. तेव्हापासून मशीनला दोरी बांधून तिचा चिमटा फ्रॉकच्या कॉलरला लावतो. खेळताना वर कापडी पट्टा.

घसरगुंडी : प्लास्टिकच्या घसरगुंडीवर किंवा नायलॉनच्या चादरीत कपडे घासून स्थिर वीज तयार होते आणि मशीनमधले मॅपिंग बिघडू शकते. खबरदारी म्हणून मशीन आधी काढायचे.

खेळ : डोक्यावर मार बसणे टाळायचे, म्हणून कबड्डी नाही. याबद्दल ती आमच्यावर रुसलेली आहे. खो-खो खेळते आणि चांगली खेळते. पिकअपमधून उतरून मोटारसायकलवर बसली तर हेल्मेट.

रस्ता, अंधार आणि बिबट्या

एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. आपल्याला दोन कानांमुळे दिशा समजते. आमच्या गावाला पुणे-नाशिक महामार्ग लागून आहे. हॉर्न वाजला की ती दचकते आणि भलत्याच बाजूला बघते. तिला आम्ही नियम घालून दिला : हॉर्नवर विश्वास नाही, डोळ्यांवर विश्वास. दोन्हीकडे पाहून, मोठ्या माणसाचा हात धरून. ज्यांच्या दोन्ही कानांत इम्प्लांट आहे त्यांना दिशा बरीच कळते, पण एकाच कानाचे मिळालेली मुले अनेक आहेत.

दुसरी गोष्ट रात्रीची. झोपताना मशीन काढले की ती पूर्ण बहिरी असते. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबटे आहेत, हे आपल्याकडच्या कोणाला सांगायला नको. कुत्री भुंकली, कोणी ओरडले, तर बाकीची मुले आत पळतात. तिला काही कळत नाही. म्हणून अंधार पडल्यावर ती अंगणातही एकटी जात नाही. संडासला जाताना बरोबर मोठे माणूस आणि बॅटरी. संध्याकाळी जेवण होईपर्यंत मशीन काढायचे नाही. रात्री तिला उठवायचे असेल तर आम्ही दिवा दोनदा लावतो-विझवतो. शेजारच्या चार घरांनाही हे सांगून ठेवले आहे. आपल्या वस्तीत असे मूल असेल तर शेजाऱ्यांना हे माहीत हवेच.

अकरा दिवस

गेल्या मार्चमध्ये, ऐन कांदा काढणीत, कॉइलची वायर तुटली. सकाळी सहापैकी एकही आवाज आला नाही. सेल बदलला, मशीन पुसले, काही नाही. फोन केला तेव्हा कळले की बाहेरच्या भागाची वॉरंटी चार महिन्यांपूर्वी संपली आहे. वायरची किंमत आमच्या एका महिन्याच्या मजुरीएवढी होती. पैसे भरल्यावरच ती मागवणार, मग कुरिअरने येणार.

पैसे जमायला सहा दिवस लागले. बचत गटाने कर्ज दिले, उरलेले पिकअपच्या मालकाकडून उचल घेतली. वायर यायला आणखी पाच दिवस. या अकरा दिवसांत जे झाले त्यासाठी आम्ही तयार नव्हतो.

पहिले दोन दिवस ती शाळेत गेली. तिसऱ्या दिवशी दप्तर खाली ठेवून नाही म्हणाली. चौथ्या दिवसापासून बोलणे कमी झाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ती कधी ओरडून बोलायची, मुले हसायची, मग ती गप्पच बसू लागली. आमचीच एक चूक आमच्यासमोर उभी राहिली. मशीन लागल्यापासून आम्ही तिचे हातवारे बंद केले होते. ती बोट दाखवून पाणी मागायची, तेव्हा आम्ही म्हणायचो, "हात खाली, तोंडाने बोल." लोकांनी मुकी म्हणू नये, याची आम्हाला घाई होती. आता मशीन नव्हते आणि आमच्याकडे तिच्याशी बोलायला काहीच नव्हते. सातव्या रात्री तिने आईचा हात ओढून तळव्यावर बोटाने लिहिले, "कधी". आम्हाला बोटांनी अकरा-सात किती ते दाखवावे लागले. चार बोटे.

वायर आली, सहाही आवाज परत आले. पण त्यानंतर आम्ही घरातल्या खुणा पुन्हा सुरू केल्या. मोबाइलवर भारतीय सांकेतिक भाषेचे व्हिडिओ पाहून रोज दोन खुणा शिकतो, आजीसुद्धा. रात्री, आंघोळीच्या वेळी, सेल उतरल्यावर आता आमची गंमत-गोष्ट थांबत नाही. सांकेतिक भाषेने बोलणे मागे पडेल अशी भीती आम्हाला होती. तिचे बोलणे मागे पडलेले नाही.

या अकरा दिवसांतून शिकलेले थोडक्यात सांगतो. ऑपरेशनच्या आधीच चार प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्या : आतल्या भागाची वॉरंटी किती वर्षे, बाहेरच्या भागाची किती? वायर, कॉइल, बॅटरी यांची आजची किंमत काय? हरवले किंवा चोरीला गेले तर विमा आहे का? दुरुस्तीला गेले तर तोपर्यंत दुसरे मशीन मिळते का? वॉरंटी संपायच्या तीन महिने आधी सगळे मशीन एकदा तपासून घ्या. एक जादा वायर घरात हवीच. आणि पहिल्या महिन्यापासून थोडे पैसे बाजूला टाका, कारण काही वर्षांनी प्रोसेसर बदलावा लागतो आणि तो खर्च लाखांत जातो. आम्ही हे पाचव्या वर्षी सुरू केले. पहिल्या वर्षी करायला हवे होते.

शाळा

मशीन लावलेले मूल शांत खोलीत चांगले ऐकते आणि गोंगाटात पुष्कळ गमावते. पत्र्याच्या वर्गावर पाऊस सुरू झाला की तिच्यासाठी तास संपला. गुरुजींशी बोलून आम्ही काही गोष्टी ठरवल्या : पहिल्या बाकावर, मशीनचा कान गुरुजींकडे, खिडकी आणि पंख्यापासून दूर. फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही. शुद्धलेखनाचा शब्द ऐकू आला नाही तर पुन्हा विचारायची तिला मुभा. 'कळले का?' असे विचारू नये, ती मान डोलावते. 'मी काय म्हणालो ते सांग' असे विचारावे.

हे उपकार म्हणून मागायचे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

डॉक्टरकडे जाताना

कोणत्याही दवाखान्यात, दाताच्या डॉक्टरकडेही, पहिले वाक्य हेच : डोक्यात इम्प्लांट आहे. आत चुंबक असल्यामुळे एमआरआय करण्याआधी इम्प्लांट बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनमध्ये झोपवू नये. डोक्या-मानेच्या ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला वापरतात त्या विजेच्या उपकरणाचा काही प्रकार इम्प्लांटला धोकादायक असतो. मशीनसोबत मिळालेले कार्ड पाकिटात ठेवावे. विमानतळावर किंवा मोठ्या गर्दीच्या ठिकाणच्या तपासणीच्या दारातही ते कामाला येते.

इम्प्लांट असलेल्यांना मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा, म्हणजे मेनिंजायटिसचा, धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. म्हणून न्यूमोकोकल लस पूर्ण झालेली हवी. कान वाहणे, कानामागे सूज, ताप आणि मान ताठ होणे यात एक दिवसही थांबू नये.

मिरवणुकीतल्या डीजेचे वेगळे सांगतो. १४ एप्रिलला ती भिंतीसारख्या स्पीकरसमोर आली आणि कॉइल काढून मुठीत धरून उभी राहिली. तिला तसे करता येते. बाकीच्या पोरांच्या कानांना बटण नाही. त्यांच्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

हक्काचे कागद

केंद्र सरकारच्या एडिप योजनेत २०१४ पासून कॉक्लियर इम्प्लांट आहे. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी त्यात वयाची पाच वर्षांची मर्यादा आहे, म्हणून धावपळ लवकर करावी. त्याचे काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडून चालते. आपल्याकडून आळेफाट्यावर कल्याणची एसटी धरून माळशेजमार्गे जाता येते. तालुक्याच्या रुग्णालयात आणि बाल स्वास्थ्य पथकाकडेही योजनेची चौकशी करावी.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचे ओळखपत्र, आधी काढा. पुढचे सगळे त्यावर चालते. एसटीत ७५ टक्के सवलत मिळते आणि थेरपीच्या फेऱ्यांत ती फार मोठी ठरते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आपण बसतो का ते तहसील कचेरीत विचारावे. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते : ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. सेल, वायर, थेरपीचा प्रवास यांसाठी त्यातून मदत मागता येते. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, ग्रामसभेत उभे राहून बोलावे. आमचा अर्ज आम्ही दिला आहे.

वस्तीने काय करावे

ती वळली नाही तर ओरडू नका, खांद्याला हात लावा. समोर येऊन, उजेडात, नेहमीच्या आवाजात बोला. तोंडात तंबाखू धरून बोललेले तिला कळत नाही, आपल्यालाही कळत नाही. मशीनला हात लावून पाहू नका. 'मुकी', 'बहिरी' ही नावे कोणत्याही मुलाला चिकटवू नका, मुले तेच नाव पुढे चालवतात.

आणि घरात तान्हे बाळ असेल तर आजपासून पाहा. मोठ्या आवाजाने ते दचकते का? सहा महिन्यांचे झाल्यावर आवाजाच्या दिशेने वळते का? वर्षाचे झाल्यावर नावाला ओ देते का? दोन वर्षांचे झाल्यावर दोन शब्द जोडून बोलते का? पाठीमागून, जमीन न हादरवता हाक मारून पाहा. बाळ कमी दिवसांचे जन्मले असेल, जन्मल्यावर कावीळ जोराची झाली असेल, मेंदूज्वर होऊन गेला असेल किंवा घराण्यात बहिरेपण असेल, तर ओएई तपासणी करूनच घ्या. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालेल्या जोडप्यांच्या मुलांत जन्मजात बहिरेपणाचा धोका वाढतो, हेही लक्षात असू द्या. शंका आली तर कोणाचा बाप किती वर्षांनी बोलला ते विचारत बसू नका.

परवा शेजारणीचे सात महिन्यांचे बाळ आमच्या ओट्यावर होते. आमची मुलगी त्याच्या पाठीमागे जाऊन बसली आणि म्हणाली, "आ. ई. ऊ." बाळ वळले. तिने आत येऊन आम्हाला सांगितले, "त्याला येतं." शेजारणीला आम्ही तरीही तपासणीची तारीख लिहून दिली आहे.